बारा घड्याळांचा हिवाळा

अकरावा फॉर्म वाचून झाला तेव्हा ओदील रोशानं चष्मा काढून टेबलावर टाकला आणि दोन्ही हातांनी कपाळ दाबून धरलं. अकराच्या अकरा फॉर्मांवर एकच वाक्य होतं: सांगण्यासारखं काही नाही. एकानं खाली 'आभारी आहे' असंही लिहिलं होतं. आभार कसले मानतोय हा गाढव, असं ती मोठ्यांदा म्हणाली. चार महिने हाडं गोठवणाऱ्या थंडीत नवं घड्याळ मनगटावर बांधून हिंडायला दिलं, आपटा, बुडवा, बर्फात पुरा, वाट्टेल ते करा पण काय बिघडतं ते लिहून आणा म्हणून हात जोडले, आणि हे लोक आभार मानतात.

बारावा फॉर्म तिच्या सख्ख्या वडलांचा होता. तोही तसाच, वर आणखी अक्षर लिलियानचं. लिलियान टपालाची गाडी चालवायची. ती दारात आली असणार आणि म्हाताऱ्यानं तिच्यापुढेच फॉर्म सरकवला असणार. पोटच्या पोरीच्या कामासाठी चार शब्द स्वतःच्या हातानं खरडायचाही कंटाळा, म्हणजे कमाल झाली.

तो मंगळवार होता आणि शुक्रवारी सकाळी दहाला बैठक होती. त्या बैठकीत घड्याळ पास झालं, तर सप्टेंबरपासून कारखान्यात ते बनायला लागणार. नापास झालं, तर घड्याळाच्या पोलादी डब्या यापुढे बाहेरून तयार विकत आणायच्या आणि ओदीलचा विभाग बंद करायचा, असं संचालकांनी तोंडावर सांगून ठेवलं होतं. सहा वर्षांचं काम होतं. तिच्या हाताखाली सात माणसं होती आणि सातही जण हल्ली तिला जिन्यात गाठून, सहज विचारल्यासारखं करून, शुक्रवारचं विचारायची.

संचालकांचं नाव रेतो काफ्लिश. तीन वर्षांपूर्वी झ्युरिककडून आले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्यापुढे ओदीलनं कधीच हात टेकले होते. तिची मूळ कल्पना अगदी साधी होती. माणूस घरातून निघाला की परत येईपर्यंत मनगटावरून काढावं लागू नये असं एक घड्याळ. विमानात, होडीत, तंबूत, आणि वाटेत कुणाचं लग्न निघालंच तर कोटाच्या बाहीखालीही शोभेल असं. चौथा काटा घरची वेळ दाखवणार, बाकीचे तीन जिथं असू तिथली. संपलं. यात आणखी काही घालायचं नाही, हीच तर त्यातली गंमत होती.

रेतोसाहेबांना ते फारच उघडंबोडकं वाटलं. आधी त्यांना कडेनं फिरणारं दिशा दाखवणारं कडं हवं झालं. मग उंची मोजता येईल का, म्हणाले. मग हे सगळं असूनही ते पातळ हवं होतं. पट्टे तीन हवेत, बोटानं बदलता येणारे. एकदा तर जेवणाच्या टेबलावर, चीजचा तुकडा काट्यावर धरून, त्यांनी पट्ट्याच्या बकलात शिट्टी बसेल का असं विचारलं. माणूस डोंगरात हरवला तर वाजवायला. ओदीलनं बशी उचलली आणि दुसऱ्या टेबलावर जाऊन बसली. एका डबीत अख्खं बिऱ्हाड कोंबायचं आणि वर ती हलकीही हवी, असा सगळा प्रकार. भांडून भांडून तिनं कडं ठेवलं आणि बाकीचं घालवलं.

आणि आता या हिवाळ्याच्या परीक्षेनं तिचा जीव काढला होता. कारखान्याची ही जुनी रीत. नवं घड्याळ यंत्रात कितीही पास होवो, डिसेंबरच्या सुरुवातीला, संत निकोलाच्या दिवशी, बारा नमुने खोऱ्यातल्या बारा माणसांना द्यायचे आणि एप्रिलात तळ्यावरचा बर्फ फुटला की परत घ्यायचे. यंत्र खोटं बोलत नाही, पण यंत्र लाकूड फोडत नाही, गाईचं बाळंतपण करत नाही, चिडून दार आपटत नाही. माणूस करतो. रीत उत्तम होती. फक्त माणसं याच खोऱ्यातली असायची, आणि या माणसांच्या घराचं छप्पर उडालं तरी ती म्हणणार, जरा हवा खेळतेय.

बुधवारी ती स्वतः गाडी काढून घरोघर निघाली. म्हटलं, कागदावर बोलत नाहीत ते तोंडावर तरी बोलतील.

गास्तों जंगलात झाडं उतरवायचा. दंड ओंडक्यासारखे, आवाज बारीक. त्याचं घड्याळ डिंकानं बरबटलेलं, पट्टा काळा पडलेला, काचेवर करवतीचा एक उभा ओरखडा. ते बघून ओदीलला इतका आनंद झाला की तिनं त्याच्या पाठीवर थाप मारली. मग तिनं खोदून खोदून विचारलं. चावीचं काय? वेळ लावताना चावीचे आटे सोडतोस, पुन्हा आवळतोस, त्रास झाला? गास्तों खिडकीकडे बघत म्हणाला, चाललंय. पाणी गेलं कधी आत? नाही, चाललंय. हातमोजे घालून फिरवलीस? फिरवली, चाललंय. खिडकीखाली त्याच्या आजोबांचं घड्याळकामाचं टेबल होतं, प्लास्टिकच्या कापडाखाली झाकलेलं, जसं इथं प्रत्येक घरात असतं. त्यानं त्याच टेबलाच्या कडेवर तिच्यासाठी कॉफी ठेवली आणि बायकोच्या गुडघ्याबद्दल बोलायला लागला.

दिवसभर हेच चाललं. लिलियान गाडीतून खाली न उतरताच घड्याळ हातात देऊन म्हणाली की मस्त आहे. शाळेच्या जुन्या बाईंनी घड्याळ रुमालात गुंडाळून, वर रिबीन बांधून दिलं. पनीरवाल्यानं कॉफी पाजली, दुसऱ्यानं दारू पाजायचा प्रयत्न केला. आणखी एक गोष्ट बघून तर ओदीलला हसावं की रडावं कळेना. अकराही घड्याळांतला चौथा काटा, परगावी गेल्यावर घरची वेळ दाखवण्यासाठी तिनं दोन वर्षं घासून बसवलेला, तो सगळ्यांनी नेमका तासकाट्याच्या जोडीनं लावून ठेवला होता. जायचंच कुठं नव्हतं कुणाला. घरची वेळ घरीच.

सगळ्यात शेवटी ती वर वडलांकडे गेली. तेओफिल रोशा, वय त्र्याऐंशी. एके काळी खोऱ्यात कुणाचं घड्याळ कुणाकडूनच हलेना, तर ते तेओफिलकडे न्यायचे. दोन वर्षांपूर्वी, डोळे साथ देत नाहीत म्हणून, त्यांनी टेबल बंद केलं. तेव्हापासून त्यांचं जरा विसराळूपणच वाढलं होतं असं ओदीलला वाटायचं. फेब्रुवारीपासून रविवारच्या जेवणाला कधी तासभर आधी येऊन दारात उभे, कधी सूप गार झाल्यावर. घड्याळवाल्याचा जन्म आणि ही तऱ्हा.

ते स्वयंपाकघरात बसले होते, कॉफीचा वाडगा दोन्ही तळव्यांत धरून, स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत ओढलेल्या. ओदीलनं घड्याळ मागितलं.

"उद्या देतो," ते म्हणाले.

"बाबा, शुक्रवारी बैठक आहे. मला आज हवंय."

"हातात आहे ना. राहू दे की एक दिवस. उद्या देतो म्हटलं ना."

तिनं विचारलं की फॉर्म तरी स्वतः का नाही भरला. त्यांनी बाहेरच्या शेळ्यांकडे बघितलं. तिची तळपायाची आग मस्तकात गेली. दार जरा जोरात लावूनच ती निघाली, आणि गाडीत बसल्यावर स्वतःवरच चिडली. मग पुन्हा त्यांच्यावर चिडली.

गुरुवारी सकाळी अकरा घड्याळं टेबलावर मांडून तिनं काम सुरू केलं. पाण्याच्या दाबाच्या यंत्रात घातली, अकराही पास. वेळ तपासली, अकराही दिवसाला एक-दोन सेकंदांच्या आत. तिच्या विभागातला तरुण कारागीर मागून म्हणाला की अभिनंदन, बाई. ओदीलनं डिसेंबरातल्या नोंदी काढल्या. तिनं ही घड्याळं डिसेंबरात दिली तेव्हा त्यातली तीन घड्याळं दिवसाला चार-पाच सेकंद पुढे पळत होती. तिनं मुद्दामच तशी राहू दिली होती, थंडीत काय होतं ते बघायला. थंडीनं घड्याळ मागेपुढे होतं. शहाणं होत नाही.

तिनं गास्तोंचं घड्याळ घेतलं, मागचं झाकण फिरवून काढलं आणि डोळ्याला भिंग लावलं.

झाकणाच्या आतल्या बाजूला, कडेला, सुईनं कोरलेली मुंगीएवढी अक्षरं होती. जी. पी., चौदा जानेवारी.

ही खूण काय असते ते या खोऱ्यात पोरंसुद्धा सांगतील. घड्याळ उघडलं की झाकणाच्या आत आपलं नाव आणि तारीख खरडायची, म्हणजे उद्या जो उघडेल त्याला कळावं, आपल्या आधी इथं कोण येऊन गेलंय. मालकाला ती कधी दिसत नाही. दोनशे वर्षांची सवय आहे. घर लुटायला गेलेला घड्याळजीसुद्धा तिजोरीच्या आत सही करून येईल.

ओदीलनं दुसरं उघडलं. सही. तिसरं उघडलं. सही. शाळेच्या बाईंच्या घड्याळात तर वळणदार अक्षरात, खाली बारीक रेघ ओढून. लिलियानच्या घड्याळात दोन सह्या होत्या, जानेवारीची आणि मार्चची. अकराव्या झाकणापर्यंत पोचेस्तोवर तिचे कान लाल झाले होते. अकराच्या अकरा जणांनी घड्याळ उघडलं होतं. प्रत्येकाच्या खिडकीखाली टेबल होतंच, प्रत्येकाच्या बोटांत आजोबा होतेच.

तिनं गास्तोंला फोन लावला. तो जंगलात होता, मागे करवत चालू होती. तिनं ती बंद करायला लावली.

"घड्याळ उघडलंस?"

त्यानं करवत खाली ठेवली. मग तो म्हणाला, "उघडलं म्हणजे, तसं नाही. चावी सैल लागत होती. ती ज्या नळीवर बसते ना, ती नळीच चावीबरोबर फिरायला लागली. थेंबभर चिकटा लावून बसवली परत. पाच मिनिटांचं काम."

"मग लिहिलं का नाहीस?"

"दुरुस्त झालं ना. मग लिहायचं काय?"

"गास्तों, मी तुला तेच शोधायला घड्याळ दिलं होतं रे."

"अगं, माझंच तेवढं जरा वाकडं निघालं असेल म्हटलं. तू सहा वर्षं खपतेयस. एका नळीपायी तुझं मन कशाला मोडायचं."

बाकीच्यांना फोन लावले तर तीच नळी, तोच चिकटा, तेच मन. प्रत्येकाला वाटत होतं की बिघाड फक्त आपल्याच वाट्याला आलाय, आणि प्रत्येकानं मोठ्या मनानं तो झाकला होता. पनीरवाल्यानं तर रबराची रिंग काढून आपल्याकडची जाड बसवली होती आणि ही जास्त बरी आहे असं वर सुचवलंही. घड्याळ चार सेकंद पुढे पळतंय हे शाळेच्या बाईंना झोपू देईना, म्हणून त्यांनी ते एका दुपारी वळणावर आणलं. कुणी सांगितलं होतं तुम्हाला, असं ओदीलनं विचारलं. बाई म्हणाल्या, सांगायला कशाला हवं.

ओदीलनं फोन खाली ठेवला. रागावायचं तरी कुणावर? या लोकांनी तिच्यावर जीव लावून तिचा हिवाळा पाण्यात घातला होता. नळी सैल होते एवढं आता कळलं, पण कशानं, किती दिवसांनी, किती थंडीत, पाणी आधी कुठून शिरतं, त्याचा पत्ता नाही. अकराही जणांनी पुरावा पुसून, तेल घालून, चकचकीत करून परत दिला होता. आणि हे घड्याळ उद्या जो माणूस कुठल्या तरी ओसाड डोंगरात घेऊन जाईल त्याच्या तंबूच्या खिडकीखाली टेबल नसणार.

राहिलं होतं एक. तेओफिल रोशांचं. खोऱ्यातला सगळ्यात पक्का हात. त्यांनी तर नळी अशी बसवली असेल की बसवल्याचं भिंगातूनही दिसायचं नाही. काय बोलायचं ते ओदील वाटेतच जुळवत गेली, आणि ते काही गोड नव्हतं.

दुपार होती. वडील खिडकीखालच्या टेबलाशी बसले होते, आणि टेबलावरचं कापड काढलेलं होतं. चिमटे, स्क्रू-ड्रायव्हर, भिंग, सगळं ओळीनं मांडलेलं. म्हणजे आत्तासुद्धा काही तरी सारवासारव चालली होती. तिनं पर्स खाली टाकली.

"तुम्हीपण उघडलंत ना? अकराही जणांनी उघडलं. मला बारावी सही दाखवा आणि मोकळं करा एकदाचं."

त्यांनी डावी बाही वर केली. काचेच्या आत धुकं साचलं होतं. तबकडीवर तपकिरी डाग, मिनिटकाट्याच्या मुळाशी गंज. घड्याळ दहा वीसवर थांबलं होतं.

"हे कधीपासून?"

"नऊ फेब्रुवारी."

"नऊ फेब्रुवारीपासून बंद घड्याळ घालून हिंडताय? दोन महिने?"

"काढायचं नाही म्हणाली होतीस."

रविवारच्या जेवणाचं कोडं तिथं सुटलं, पण तिचा पारा उतरायला तयार नव्हता. ती म्हणाली की फॉर्मवर सांगण्यासारखं काही नाही असं लिहिलंत, लिलियानकडून लिहून घेतलंत, मला तोंडघशी पाडायचं होतं का, साधी नळी होती, गास्तोंसारख्या झाडतोड्याला पाच मिनिटं लागली, तुम्हाला काय धाड भरली होती. आणि हे बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की वडील तिच्याकडे बघत नाहीयेत, समोरच्या टेबलाकडे बघतायत.

त्यांनी उजवा हात बाहीतून बाहेर काढून टेबलावर ठेवला. हात थरथरत होता. थोडासा नव्हे. टेबलावरचे चिमटे त्यानं बारीक वाजत होते.

"गास्तोंनं चर्चबाहेर सांगितलं होतं मला," ते म्हणाले. "पाच मिनिटं लागली म्हणाला. मी तीनदा बसलो. चिमटा धरवत नाही, ओदील. आज चौथ्यांदा बसलो."

"डोळे म्हणाला होतात तुम्ही."

"डोळे ठणठणीत आहेत."

ओदीलला खुर्ची ओढायचंही सुचलं नाही. दोन वर्षं. दोन वर्षं ती दर बुधवारी आणि रविवारी या माणसासमोर बसून बडबड करत होती. तो वाडगा दोन्ही हातांनी का धरतो, बाह्या का ओढतो, फॉर्म का भरत नाही, हे तिला दिसलं नव्हतं. भिंग लावून केसाएवढी भेग शोधणारी बाई. तिला स्वतःची लाज वाटली आणि ती तसं म्हणाली. वडील म्हणाले की लाज कसली, लपवत मीच होतो. अख्ख्या खोऱ्यात एकट्या तेओफिलला जमलं नाही असं तुझ्या कारखान्यात कळलं असतं, आणि ते मला सहन झालं नसतं.

मग तिनं त्यांच्या मनगटावरून ते घड्याळ सोडवलं, झाकण उघडलं आणि त्यांच्याच टेबलावर, त्यांच्याच भिंगानं बघायला लागली.

सगळं होतं तिथं. नळी बरोबर अर्धा वेढा बाहेर आलेली. पाणी कुठल्या आट्यावरून शिरलं, त्याची पांढरी रेघ. कुठं थांबलं, कुठं गोठलं, कुठं फुगून रबर ढकललं, ते सगळं पावलांसारखं उमटलेलं. कुणी पुसलं नव्हतं. कुणाला पुसता आलं नव्हतं.

"नळी पहिल्यांदा कधी फिरली, काही आठवतंय?" तिनं विचारलं, फारशी आशा न ठेवता.

वडलांनी खण उघडून एक वही काढली, पण लगेच दिली नाही. अक्षर बघू नकोस, म्हणाले. ती म्हणाली, बाबा, द्या इकडे. अक्षरं पानभर लडबडत गेली होती, काही ओळी एकमेकींवर चढलेल्या. पण तारखा सगळ्या होत्या. बारा जानेवारी, उणे एकवीस, तळ्यावरून आल्यावर हातमोज्यानं चावी सोडली, नळी जराशी हलली. वीस जानेवारी, पाव वेढा. तीन फेब्रुवारी, घरात आल्यावर काचेवर धुकं, दहा मिनिटांत गेलं. सात फेब्रुवारी, धुकं गेलं नाही. नऊ फेब्रुवारी, सकाळी दहा वीस. बघायला बोटं लागत नाहीत, आणि बघणं त्यांनी सोडलं नव्हतं.

तिनं वही छातीशी धरली आणि ती रडली. ते तिला रडू देत शेळ्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले की नळीला आतून खांदा दे, अडून राहील अशी कड, म्हणजे फिरणारच नाही. ती नाक पुसत म्हणाली की मला कळतं ते.

शुक्रवारी दहाला तिनं रेतोसाहेबांच्या टेबलावर बारा घड्याळं ओळीनं ठेवली, अकरा चालू आणि एक मेलेलं. साहेबांचा चेहरा खुलला. बारात अकरा म्हणजे उत्तमच, म्हणाले.

"बारात शून्य," ओदील म्हणाली. "अकरांना खोऱ्यातल्या लोकांनी मरू दिलं नाही, एवढंच." आणि तिनं अकरा झाकणं उलटी करून, भिंग त्यांच्या हातात दिलं.

साहेबांनी सगळ्या सह्या वाचल्या. आधी हसले, मग हसणं थांबवलं, आणि मग नको तो प्रश्न विचारलाच. चिकटा लावून पाच मिनिटांत बसते ना, मग आपणच कारखान्यात लावून पाठवलं तर? ओदीलनं मनात दहा आकडे मोजले. मग सांगितलं की चिकटा ही दुरुस्ती आहे, रचना नव्हे. लिलियानचा दोन महिन्यांत सुटला, म्हणून तर तिच्या दोन सह्या. नळीला आतून खांदा द्यायचा, सप्टेंबरपर्यंत नवे नमुने, पुन्हा एक हिवाळा, आणि विकायचं त्यानंतर. विभाग बंद करायचा तर करा, पण हे घड्याळ मी आज पास करणार नाही, नापास माझ्याच सहीनं करते.

बोलताना तिचा आवाज चढला होता. साहेब वही चाळत होते. पान उलटत, परत मागे जात. हे कुणी लिहिलंय असं त्यांनी विचारलं, आणि तिनं सांगितलं की माझ्या बाराव्या माणसानं. ते म्हणाले, या एका वहीत जितकं कळतंय तितकं मला गेल्या तीन वर्षांत इथं कुणी सांगितलेलं नाही. सगळे म्हणतात, चाललंय. मग त्यांनी एक वर्ष दिलं. एकच. आणि अट घातली की पुढच्या वेळी घड्याळं खोऱ्यातल्यांना द्यायची नाहीत, ज्यांना दुरुस्ती येत नाही अशांना द्यायची. दारापर्यंत गेलेल्या ओदीलला त्यांनी हाक मारून थांबवलं. ती वळली. शिट्टीचं बघा जमलं तर, म्हणाले.

ती दुपारी थेट वर गेली. वडलांच्या टेबलावर तिनं मेलेल्या घड्याळाचं झाकण उलटं ठेवलं आणि शेजारी कोरायची सुई.

"तुमची खूण राहिली."

"मी उघडलेलंच नाही."

"तपासलंत तुम्हीच."

त्यांनी सुई घेतली. फार वेळ लागला. दोनदा ती निसटून टेबलाखाली गेली आणि दोनदा ओदीलनं वाकून ती काढून दिली. शेवटी टी आणि आर उमटले, झाकणाच्या अर्ध्या जागेवर, दारू पिऊन आल्यासारखे, आणि खाली नऊ फेब्रुवारी. ते भिंगातून बघून म्हणाले की भयंकर आलंय. ती म्हणाली की वाचता येतंय.

मग तिनं सांगितलं की संत निकोलाच्या दिवशी नवं घड्याळ येईल. खोऱ्यात कुणालाच द्यायचं नाही असं ठरलंय, पण मी एक माणूस मागून घेणार आहे.

"आणि बिघडलं तर?"

"बिघडू द्यायचं. हात लावायचा नाही. नुसतं बघायचं."

तेओफिलनं थोडा विचार केला. "तेवढं मला जमेल," ते म्हणाले.

ओदीलनं कॉफी केली आणि वाडगा अर्धाच भरून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी वाडग्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि बाही मागे सारून तो एका हातानं उचलला. थोडी कॉफी टेबलावर सांडली. कुणी पुसली नाही.